खो-खोच्या मैदानातली कोथिंबीर

मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. भिगवणच्या चौकात पोलिसाने माझ्या पुढच्या मोटारसायकलवाल्याला बाजूला घेतलं, तरी माझा हात खिशातलं लायसन चाचपतो. शाळेत एखादं पोर रडताना दिसलं की आधी वाटतं, आपणच काहीतरी बोललो असणार. माझी बायको एकदा म्हणाली, "जन्माला आल्याबद्दल तुम्ही सासूबाईंची माफी मागितली होती का हो?" मागितली नव्हती. तेही आता मनाला लागून राहिलंय.

अशा माणसाच्या गळ्यात शिट्टी पडली. आमची शाळा डाळजच्या पुढे, हायवे सोडून आत, ऊस आणि भाजीपाल्याच्या रानांत आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक बाई आणि दुसरा मी. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून कवायत, खेळ, सहल, प्रभातफेरी हे सगळं खातं माझ्याकडे. माझे गुडघे दुखत नाहीत असं मी म्हणतो खरा. पण पोटामुळे उभ्याने ते मला दिसत नाहीत, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येत नाही. कवायतीत मी ओरडतो, "वाका, पायाचे अंगठे धरा," आणि स्वतः गुडघ्यापाशी थांबतो. पहिलीतली पोरं इतकी गुणी, की तीही गुडघ्यापाशीच थांबतात. या गावात एक अख्खी पिढी अंगठ्यापर्यंत न पोचता मोठी होणार आहे आणि त्याला जबाबदार मी आहे.

बाकी वर्षभर चाललेलं असतं काही ना काही. जूनमध्ये नव्या पोरांना फुगे बांधलेल्या ट्रॅक्टरमधून मिरवत आणतात. आत बसलेली पोरं रडत असतात आणि बाहेर चालणारे आम्ही हसत असतो. थंडीत क्षेत्रभेट म्हणून मुलांना धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी दाखवायला नेतो. गेल्या खेपेला मी दुर्बीण, माहितीचा तक्ता असं सगळं घेऊन गेलो आणि घसा खरवडून पक्ष्याचं वर्णन केलं, तर तिसरीतला एक जण म्हणाला, "सर, ही तर आमच्या रानाच्या खालच्या अंगाला रोज उभी असत्यात. ह्येंच्यासाठी टेम्पो केला व्हय आपण?" मी तक्ता गुंडाळला. टेम्पोवाल्याच्या नजरेला नजर द्यायचं धाडस मला परतीच्या वाटेवर झालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते खो-खोचं.

आमच्याकडे तिसरी आणि चौथीच्या सगळ्या मुली मिळून जेमतेम एक संघ होतो. त्यामुळे निवड चाचणी वगैरे भानगड नसते. मुलगी आहे आणि चालते, एवढं पुरतं. कर्णधार होती चौथीतली, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तात्या यांची नात. तिचे वडील पहाटे इंदापूरच्या बाजारात माल घेऊन जायचे आणि सुट्टीच्या दिवशी हीसुद्धा टेम्पोत चढून बसायची. तिथे तिने लिलाव पुकारणाऱ्यांचा आवाज उचलला होता. तिने पाठीमागून "खो!" केलं की बसलेली पोरगी उठायची नाही, उडायची.

आदल्या वर्षी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, स्पर्धेत शेजारच्या गावाने आम्हाला हरवलं. त्यांची शेवटची पोरगी खांबाला वळसा घालून निघाली होती, आमची ही तिच्या मागे होती, आणि मध्ये फक्त एक वीत अंतर राहिलं होतं. तिथे सूर मारायचा असतो. अंग झोकून द्यायचं, हात लांब करायचा आणि पडता पडता शिवायचं. आमची पोरगी उभीच राहिली. का, तर आमचं मैदान मुरमाचं. तिथे पडलं की गुडघ्याची साल निघते, म्हणून मी वर्षभर एकच मंत्र म्हणत आलो होतो, "पडू नका, पडू नका."

परत येताना ती टेम्पोत माझ्या शेजारी बसली होती. रडली नाही. टेम्पो हायवेला लागल्यावर म्हणाली, "सर, पडली असती तर ती घावली असती न्हवं?"

"घावली असती."

"मग आता पुढल्या वर्सी एकदा तरी पडणार. चौथीनंतर मी हितं नसती."

ती मागत होती ते एवढंच होतं. चौथी संपायच्या आत, खऱ्या सामन्यात, एकदा खांबावर सूर मारून गडी बाद करायचा. त्यासाठी तिला पडायला शिकायचं होतं आणि पडायला शिकण्यासाठी मऊ जमीन हवी होती. मला रात्री झोप लागेना असं म्हणणार नाही, झोप मला कायम लागते. पण वामकुक्षी मात्र चुकू लागली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी समितीच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, मैदान जरा मऊ करता आलं तर बरं होईल. एवढंच बोललो.

तात्यांचे डोळे चमकले. आजवर या बैठकांत आम्ही त्यांना गुणवत्ता, उपस्थिती, उद्दिष्टं असलं काय काय ऐकवलं होतं आणि ते बिचारे जांभया दाबत मान डोलवत आले होते. पहिल्यांदाच त्यांना कळणारा विषय निघाला होता.

"माती टाकायची म्हणा की!"

"हो. थोडीशी. खांबांच्या आसपास."

"थोडी कशाला? माझ्या वरच्या कोपऱ्यातली काळी माती हाय. चार ट्रॉल्या वढतो. पण नुसती माती घट्ट हुती गुरुजी. लेंडीखत मिसळाय पाहिजे."

"खत कशाला, तात्या?"

"भुसभुशीत ऱ्हाती. वर ट्रॅक्टरनं रोटर मारू. मग एक पानी देऊ."

"पाणी?"

"गुरुजी, तुमी पोरांस्नी पाढं शिकवा. मातीचं आमच्यावर सोडा."

सोडलं. सुट्टी संपवून आलो तर मैदान असं झालं होतं की बघत राहावं. काळीभोर, भुगा झालेली माती, मधोमध दोन खांब आणि बाजूला कुणीतरी सवयीने पाण्याचा पाटही काढलेला. मी फक्कीची गोणी घेऊन रेषा आखायला निघालो, तर तात्यांनी हात धरला. "वापसा न्हाय अजून. आत जाऊ नका, माती तुडावली तर ढेकळं हुत्याल." म्हणजे ओल उतरून जमीन पाय ठेवण्याजोगी व्हायची होती. मी रोज सकाळी विचारायचो, तात्या मूठभर माती दाबून बघायचे आणि म्हणायचे, "उद्या." पोरी काठावर ओळीने उकिडव्या बसून मैदानाकडे बघायच्या. कुणी म्हटलं असतं, मुली ध्यानाला बसल्यात.

आणि एके दिवशी वापसा आला, त्याच दिवशी कोथिंबीरही आली.

आधी मला वाटलं, शेवाळ. चष्मा पुसून वाकलो तर दोन दोन पानांची हिरवी रोपं, या खांबापासून त्या खांबापर्यंत, दाट. तात्या आले, त्यांनी एक रोप चिमटीत चुरगळून नाकाला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"च्या मायला. वरच्या कोपऱ्यात बी धरलेली कोथमीर गाडली हुती की उन्हाळ्यात. भाव पडला तवा. इसारलोच बघा."

"मग आता?"

"आता काय? उगावलीय तर चांगली."

मी शिट्टी वाजवली. माझ्या मते त्यात अवघड काही नव्हतं. मुली येतील, खेळतील, रोपं मरतील, विषय संपेल. मुली आल्या आणि काठावर थांबल्या.

"चला, बसा ओळीत."

एकही हलेना.

"काय झालं?"

"सर," तिसरीतली एक हळूच म्हणाली, "पीक हाय."

मला त्या क्षणी माझ्या नोकरीची आठवण झाली. अनेक वर्षं मी या पोरांना सांगतोय की वर्गात चपला घालून येऊ नका, भिंतीवर लिहू नका, नळ उघडा टाकू नका. त्यातलं काहीएक त्यांनी मानलं नाही. पण उभ्या पिकात पाय घालू नये, हे त्यांना चालायला लागायच्या आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं आणि ते पक्कं होतं. मी दरडावलं तेव्हा त्या मैदानात उतरल्या खऱ्या, पण कशा! दोन बोटांवर, फ्रॉक सावरत, रोप चुकवत. पाठलाग करणारी पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते आधी शोधायची. पळणारी तिच्यासाठी थांबायची. "थांब गं, ह्या बाजूनं ये, हितं मोकळं हाय." असा सौजन्याने ओथंबलेला खो-खो मी कधी पाहिला नव्हता. एका डावाला एक गडी बाद झाला, तोसुद्धा हसून हसून.

कर्णधार खांबाजवळ उभी राहून माझ्याकडे बघत होती. "सर, पडायचं कुठं?"

मी चष्मा परत एकदा पुसला.

दोन-तीन आठवड्यांत प्रकरण हाताबाहेर गेलं. गावातल्या बायका जाता-येता मैदानात बसून तण काढायला लागल्या. कुणीतरी पाट दुरुस्त केला. कुणी मूठभर युरियाही टाकला असावा, कारण एका रात्रीत पानांना नको तेवढी तकाकी आली. त्यातच बाजारात कोथिंबिरीचा भाव वर चढला आणि पिकाकडे बघायची गावाची नजरच बदलली. आमच्या मुली रोज मधल्या सुट्टीत मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर सराव करत होत्या. फरशीवर पडायचा प्रश्नच नव्हता. स्पर्धा जवळ येत होती आणि कर्णधार माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

आणि मग केंद्रप्रमुख साहेब न सांगता आले.

मोटारसायकल लावून ते थेट मैदानाकडे वळले. बाई आणि मी मागे धावलो. बाई गुडघेदुखी विसरून माझ्या पुढे होत्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होतो, मला दुसरं काही जमत नाही. पण बाई म्हणाल्या, "परसबाग, सर. पोषण आहारासाठी."

"वा! आणि हे खांब?"

"वेलांसाठी. दुधी चढवणार आहोत."

साहेब त्या खांबांकडे इतक्या कौतुकाने बघायला लागले, की मलाही क्षणभर त्यावर दुधी लोंबताना दिसला. त्यांनी फोन काढला. "गुरुजी, एक जुडी हातात धरा. हं. मुलांना मागे घ्या. हसा." मी हसलो. मी अपराधी हसलो की मनापासून, ते फोटोत कळत नाही. फोटोत मी फार समाधानी दिसतो. संध्याकाळपर्यंत तो केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या मोबाईलवर पोचला होता. खाली अंगठे, फुलं आणि जोडलेले हात. त्या फोटोत माझ्या मागे डाव्या हाताला कर्णधार उभी आहे. अख्ख्या रांगेत न हसलेली ती एकटीच.

साहेब गेल्यावर मी बाईंना म्हणालो, "आपण खोटं बोललो."

"खोटं कसं? कोथिंबीर आहे की नाही?"

"आहे."

"शाळेत आहे की नाही?"

"आहे, पण खांब..."

"गुरुजी, तुमच्या मनाला एवढं खात असेल तर एक दुधी लावून टाका."

मी लावला. तो उगवला नाही. त्या मैदानात पेरलेलं काही उगवत नव्हतं, विसरलेलंच तेवढं उगवत होतं.

शेवटी एका दुपारी मी धीर करून तात्यांना शाळेत बोलावलं. दोन दिवस मनातल्या मनात भाषण घोकलं होतं. ते आले, खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "काय भारी आलीय हो! अजून आठ दिस थांबा, जुडी मुठीत मावायची न्हाय." माझं भाषण तिथेच विरघळलं. मी म्हणालो, "हो, चांगली आलीय." एवढं बोलायला मी माणसाला रानातून बोलावलं होतं.

मुली फरशीवरून परत येत होत्या. कर्णधार येऊन आजोबांसमोर उभी राहिली.

"तात्या, कोथमीर काढा. आमाला पडायचंय."

"येडी का काय तू? उभं पीक मोडत्यात व्हय कुणी?"

"तुमी मोडलं की."

"कवा?"

"उन्हाळ्यात. भाव पडला तवा सगळ्या प्लॉटवर रोटर घातला. मी बांधावर हुती. तवा ते पीक न्हवतं व्हय?"

मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण ते हळूहळू खाली बसले. एका जुडीएवढी कोथिंबीर मुठीत धरली, मुळासकट उपटली, मुळांची माती गुडघ्यावर झटकली आणि नातीच्या हातात दिली.

"मोडू नका," ते म्हणाले. "उपटून घ्या. पायाखाली घालू नये."

मग जे झालं त्याला आमच्या अहवालात श्रमदान म्हणतात. सगळी शाळा मैदानात बसली. आमच्या पोरांना वर्गात सरळ ओळ करता येत नाही, पण उपटायला बसली तेव्हा वाफा धरून अशी सरकत गेली की मला फक्कीची गरज वाटली नाही. पहिलीतलं एक पोर जुड्या बांधून वर विचारत होतं, "सर, मुळं धुवायची का तशीच?" बाईंनी तेवढ्यात दोन पिशव्या भरून घेतल्या. उरलेली खिचडीत गेली. पुढचे काही दिवस आमची खिचडी अशी हिरवी होती की पोरं विचारायची, यात तांदूळ घातलाय का.

संध्याकाळी मैदान मोकळं झालं. मऊ, काळं, खालपर्यंत भुसभुशीत, आणि वास असा की भूक लागावी. कर्णधार खांबापासून लांब उभी राहिली. धावत आली आणि खांबापाशी थांबली. परत गेली, परत थांबली.

"काय झालं?"

"सर, कसं पडायचं? तुमी दावा की."

मी तात्यांकडे बघितलं. ते बिडी पेटवायच्या तयारीत होते, थांबले. वर्षानुवर्षं "पडू नका" म्हणणारा मी, चप्पल काढली, शिट्टी खिशात ठेवली आणि धावलो. धावलो हा शब्द जरा मोठा आहे. खांब जवळ आला, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. त्याला सूर म्हणता येणार नाही. ट्रॉलीतून पोतं ढकलतात तसा मी आलो. तोंडात माती गेली. लागलं मात्र काही नाही.

मग तात्या म्हणाले, "गुरुजी, तेवढ्या जागंत रोटर परत मारावा लागंल."

पोरी हसून लोळायला लागल्या, आणि लोळायला लागल्या म्हणजे पडायलाच लागल्या की! कर्णधार धावत आली आणि थांबली नाही. हात पुढे, अंग जमिनीला समांतर, धप्प. उठली, दातांवर काळी माती, आणि परत धावत गेली. अंधार पडेपर्यंत ती पडत होती.

स्पर्धा शेजारच्या गावात होती. मैदान मुरमाचं, आमच्या जुन्या मैदानाचा सख्खा भाऊ. आम्ही फक्त मऊ जमिनीवर पडायला शिकवलं आणि सामना दगडावर आहे, हे माझ्या तिथे पोचल्यावर लक्षात आलं. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बघ, नाही जमलं तर राहू दे." ती म्हणाली, "सर, तुमी तिकडं खुर्चीवर बसा."

मी खुर्चीवर बसलो. शेजारी केंद्रप्रमुख साहेब, फेटा बांधलेले, मांडीवर नारळ. सामना शेवटच्या मिनिटांत होता. आमच्या मुली पाठलागावर होत्या आणि पळत होती तीच गेल्या वर्षीची मुलगी. आता ती वीतभर उंच झाली होती.

"तुमची ती परसबाग काय म्हणते?" साहेबांनी विचारलं. "वरच्या साहेबांना दाखवायला आणतोय मी पुढच्या आठवड्यात. दुधी चढला का?"

समोर मैदानात पाठीमागून खो आला आणि कर्णधार उडाली. पळणारी खांबाकडे निघाली. वळसा घातला. मध्ये एक वीत. आमची थांबली नाही. ती हवेत गेली, मुरमावर आपटली, धूळ उठली, आणि धुळीतून एक हात पुढे आला आणि त्या मुलीच्या टाचेला लागला.

शिट्टी. बाद.

"काय विचारतोय मी?" साहेब म्हणाले.

"ती बघा, साहेब."

"कोण?"

"परसबाग. ती उठतेय ती. उपटली आम्ही. खांब वेलांसाठी नव्हते, खो-खोसाठी होते. दुधी मी लावला होता, तो आला नाही. फोटोत मी उगाच हसलो. मला माफ करा."

साहेबांनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"फोटो वर गेलाय, गुरुजी."

"हो."

"मग दुधी लवकर चढवा कुठंतरी. खांब मोकळे नसले तर झेंड्याचा सोडून दुसरा बघा."

सामना आम्ही एका गुणाने हरलो. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटत नव्हतं म्हणून थोडं वाईट वाटलं. कर्णधार लंगडत आली. दोन्ही गुडघे सोललेले, कोपरातून रक्त, चेहरा लिलावात पहिला भाव मिळाल्यासारखा. मी हळदीची पुडी उघडून तिच्यापुढे बसलो. माझ्या मनात जे आलं होतं ते मी बोलणार होतो, की माझं चुकलं, मी तुला एवढी वर्षं उगाच थांबवलं, पण ती मैदानाकडे वळून बघत होती.

"लै लागतंय हितं, सर," ती म्हणाली. "ह्या लोकांनी काय पेरलंच न्हाय व्हय?"